मोशेची नखं

“दार लाव. खिडकी लाव. पंखा बंद कर,” मेट्रन म्हणाल्या, आणि आता आपल्याला मार बसणार याची मला खात्रीच पटली.

मी दार लावून कडी घातली. खिडकी लावली, पंखा बंद केला. मेट्रन मिस रणभिसे खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. अंगावर रविवारची पांढरी साडी आणि हातात जाडजूड टॉवेल. हॉस्टेलातल्या पोरी त्यांना मागून ‘रणगाडा’ म्हणायच्या. आडनावामुळे ते सुचलं असेल, पण चिकटलं ते त्यांच्या चालीमुळे. त्या वॉर्डात शिरल्या की पेशंटसुद्धा खोकायचे थांबत.

“बाई, चुकलं माझं,” मी आधीच म्हणून टाकलं.

“काय चुकलं?”

“काय असंल ते.”

“माळी, रडू नको. हे धर.” त्यांनी टॉवेल माझ्या अंगावर टाकला. “मोशेची नखं कापायचीत. आणि जमलं तर चोचही.”

माझं नाव अक्काताई. अक्काताई माळी. आमच्या जतकडं हे नाव गल्लोगल्ली सापडतं. पण कालपरवा शाळा सुटलेल्या पोरीला ‘अक्काताई’ अशी हाक मारायची आणि लगेच झापायचं, हे मेट्रनना काही जमेना. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, “मी तुला माळी म्हणणार.”

मी त्या मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला आले होते आणि शिकणं काही होत नव्हतं. कारण रक्त. लाल रंगाचं मला वावडं नव्हतं. कुंकू, मिरची, टोमॅटो, सगळं चालायचं. पण माणसाच्या आतून ते बाहेर यायला लागलं की माझ्या कानात गिरणीचा पट्टा फिरल्यासारखा आवाज सुरू व्हायचा आणि पुढचं मला दुसऱ्यांकडून कळायचं. एकदा एका म्हाताऱ्याचं गळू फोडत होते, तिथं मी पडले. एकदा एका मुलाचा घोळणा फुटला, तर मी त्याच्याच खाटेवर आडवी झाले. त्या मुलानं एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं मला वारा घातला म्हणे. शेवटी ऑपरेशन थिएटरात नुसतं कोपऱ्यात उभं राहून बघायला नेलं, तर मी हत्यारांचा ट्रे घेऊन कोसळले. डॉक्टर हातातलं काम न सोडता म्हणाले, “ह्या पेशंटचा नंबर नंतर आहे.”

त्यानंतर मेट्रननी माझी ड्युटी बंद केली आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, निरोप धाडला. रविवारी येऊन मुलीला घेऊन जा. आबा दुपारच्या एसटीनं येणार होते. माझी पत्र्याची पेटी भरून खाटेखाली तयार होती.

घरी परत जायचं म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. घरी धोंडिराम होता, मामाचा मुलगा. म्हणजे आमच्या घरात नव्हे, मामाच्या घरात. पण मी आले की तो नवरदेव होऊन आमच्या दारात येणार हे ठरल्यासारखंच होतं. तो खताच्या दुकानात बसायचा. माणूस वाईट नव्हता. पण तो विनोद सांगायच्या आधी स्वतः पोटभर हसून घ्यायचा, आणि तेवढा वेळ समोरच्यानं तोंड उघडं ठेवून थांबायचं. उरलेला सगळा जन्म मी तसं तोंड उघडं ठेवून बसले आहे, असं चित्र मला दिसायचं आणि मग रात्री जेवण जायचं नाही.

तर अशा त्या रविवारी सकाळी बाकीच्या पोरी ड्युटीवर किंवा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेलेल्या असताना मेट्रननी मला आपल्या क्वार्टरवर बोलावलं होतं. आणि त्यांच्या हातात टॉवेल होता.

मोशे म्हणजे त्यांचा पोपट. पिल्लू असताना तो दवाखान्याच्या धुण्याच्या हौदात पडला होता आणि मेट्रननी त्याला टोपलीनं बाहेर काढला. बायबलातल्या मोशेलाही असंच टोपलीतून, नदीतून काढलं होतं, म्हणून हा मोशे. त्याला पिंजरा होता, पण तो फक्त झोपायला. दिवसभर तो पडद्याच्या पितळी दांडीवर बसून राहायचा. त्या गुळगुळीत दांडीवर नखं झिजतात कसली! ती वाढून वाढून जिलबीसारखी वळली होती. आदल्या आठवड्यात ती पडद्यात अडकली आणि मोशे बराच वेळ उलटा लोंबकळत, “पुढचा पेशंट! पुढचा पेशंट!” असं ओरडत होता. वरची चोचही इतकी वाढली होती की त्याला शेंग फोडता येईना. मेट्रन त्याला भिजवलेली डाळ चमच्यानं भरवत होत्या.

“पकड त्याला,” मेट्रन म्हणाल्या.

“मी?”

“मग काय मी? मी कापणार आहे.”

मोशे कपाटावर जाऊन बसला होता आणि मान वाकडी करून आमचं बोलणं ऐकत होता. मी खुर्चीवर चढले. तो दांडीवर गेला. मी खुर्ची सरकवली. तो देव्हाऱ्यात, म्हणजे येशूच्या तसबिरीच्या चौकटीवर जाऊन बसला. मेट्रन दबक्या आवाजात म्हणाल्या, “तिथून नको. तिथून त्याला खाली येऊ दे.” आम्ही दोघी त्या तसबिरीसमोर टॉवेल पसरून उभ्या राहिलो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर प्रार्थना चाललीय असंच वाटलं असतं.

अखेर तो आपणहून मेट्रनच्या खांद्यावर उतरला आणि मी मागून त्याच्यावर टॉवेल टाकला. मेट्रनच्या केसांच्या दोन-चार काळ्या-पांढऱ्या बटाही त्या टॉवेलात आल्या.

“डोकं मागून धर. अंगठा आणि बोट गालांवर. छाती दाबू नको! पक्ष्याची छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो. टॉवेल सैल. पण पंख बाहेर येता कामा नये. आता एक पाय बाहेर काढ. नखात गुलाबी रेघ दिसते का? ती शीर. तिच्या अलीकडं कापायचं. ती कापली तर रक्त.”

हे सगळं त्या वर्गात शिकवतात तसं ठणठणीत सांगत होत्या. फक्त तोंड भिंतीकडं होतं.

“बाई, धरलाय,” मी म्हणाले.

त्या वळल्या. हातात नखं कापायची छोटी कात्री होती. आणि मी पाहिलं, ती कात्री हलत होती. आधी वाटलं, पंखा चालू राहिला असेल. पण पंखा तर मीच बंद केला होता. हलत होता तो मेट्रनचा हात. जो हात थिएटरात तासन् तास माणसाचं पोट उघडं धरून ठेवायचा, तो हात.

त्यांनी कात्री नखाजवळ आणली, डोळे मिटले आणि कचकन दाबली.

टॉवेलाची झालर तुटून खाली पडली.

“आमेन,” मोशे टॉवेलातून म्हणाला.

“झालं का?” मेट्रननी विचारलं.

“न्हाई बाई. टॉवेल कापला.”

त्यांनी परत कात्री आणली. परत डोळे मिटले.

“बाई, डोळे उघडा!” मी ओरडले. पहिल्या वर्षाची पोरगी मेट्रनवर ओरडली. माझं मलाच ते ऐकू आलं आणि भीतीनं माझी बोटं जरा सैल पडली. मोशेला तेवढं पुरे होतं. त्यानं मान फिरवली आणि माझ्या बोटाचा असा काही चावा घेतला की माझ्या तोंडून कानडीत शिवी गेली. आमच्या भागात शिव्या कानडीतच देतात. बोटातून रक्त आलं आणि पांढऱ्या टॉवेलावर पसरलं.

मेट्रननी ते पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू साडीच्या रंगाला जाऊन मिळाला.

“माळी,” त्या म्हणाल्या, “मी जरा बसते.”

आणि त्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे खाली जाताना सुदैवानं मधे खुर्ची लागली.

आता खोलीत मी, माझ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेला चिडलेला पोपट आणि डोकं गुडघ्यांत घातलेल्या मेट्रन. कात्री जमिनीवर. ती उचलावी म्हणून मी वाकले, तेवढ्यात दारावर थाप पडली.

“अक्के! हाईस का आत?”

आबा! ते दुपारी यायचे होते. कुणाच्यातरी ट्रकमधून लवकर आले होते. मी कोपरानं कडी काढली. आबांची पिठाची गिरणी होती, त्यामुळं ते कितीही अंघोळ करून आले तरी त्यांच्या भुवया पांढऱ्याच असायच्या. मेट्रनसाठी त्यांनी ज्वारीच्या पिठाची पिशवी आणली होती. पोरीनं एवढा त्रास दिला, तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून. ते दारात उभे राहिले. खुर्चीत कोसळलेल्या बाई, लेकीच्या बोटाला रक्त आणि टॉवेलातून येणारं “पुढचा पेशंट!” असं सगळं त्यांनी पाहून घेतलं.

“काय चाललंया हे?” त्यांनी विचारलं.

“आबा, आधी दार लावा. मग ती कात्री द्या. आन् ह्याचा पाय धरा.”

“कुनाचा? बाईंचा?”

“पोपटाचा!”

आबांनी पिशवी खाली ठेवली आणि गिरणीतल्या जाडजूड बोटांनी मोशेचा पाय असा धरला, जसा काही सुईत दोरा ओवायचाय. मी पहिलं नख कापलं. टुक्. टोक उडून आबांच्या भुवईवर बसलं. दुसरं कापलं. तिसरं. मला जमत होतं! गुलाबी रेघ उजेडात स्पष्ट दिसत होती, तिच्या अलीकडं कात्री धरायची, दाबायची. खुर्चीतून मेट्रनचा आवाज यायचा, “शीर बघ, शीर,” आणि मी म्हणायची, “बघितली, बाई. तुम्ही खाली बघू नका.”

दुसऱ्या पायाच्या मागच्या नखावर कात्री टेकवली आणि तेवढ्यात मोशेनं हिसका दिला. कात्री पुढं गेली. नखाच्या टोकावर रक्ताचा एक टपोरा थेंब आला, मग दुसरा, मग धारच लागली.

“अगं, रगात!” आबा म्हणाले.

मेट्रननी मान वर केली, पाहिलं आणि परत खाली घातली. “पावडर,” त्या म्हणाल्या. “कपाटात. खालच्या...” आणि पुढचं वाक्य गुडघ्यांतच राहिलं.

कपाट कुलूपबंद होतं. किल्ल्यांचा जुडगा मेट्रनच्या कमरेला होता आणि मेट्रन त्या कमरेवर दुमडून बसल्या होत्या. पोपटात रक्त असतं ते किती! माझ्या मुठीत त्याचं काळीज असं धडधडत होतं, की मोजायला गेलं तर मोजता येऊ नये.

“आबा, पिशवी सोडा!”

“आँ?”

“पीठ! पीठ द्या!”

आबांनी पिशवीची गाठ दातांनी सोडली. मी मोशेचा पाय धरून ते बोट सरळ पिठात खुपसलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं.

“पीठ निर्जंतुक नसतं,” खुर्चीतून क्षीण आवाज आला.

“आजच दळलंय, बाईसाहेब,” आबा जरा दुखावून म्हणाले.

आम्ही थांबलो.  मोशेचं ओरडणं थांबलं होतं, आणि ते मला जास्त भयंकर वाटत होतं. त्याचा डोळा माझ्याकडं लागला होता. गोल, पिवळ्या कडेचा, पापणी न लवणारा. मी त्याला म्हटलं, “मरू नगं बाबा. इथनं घरी गेले तर मला धोंडिरामच्या गळ्यात बांधतील. आन् तुला मारून गेले तर इथंबी तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई.” आबा ऐकत होते. पिशवी धरलेलं त्यांचं बोट थोडं हललं.

मी अंगठा उचलला. पिठाची लालसर गोळी नखावर घट्ट बसली होती. रक्त थांबलं होतं.

मग आता धरलाच आहे, तर चोचही उरकू म्हटलं. मेट्रनच्या टेबलावर नखं घासायची कानस होती. तिनं मी चोचीचं टोक हळूहळू घासत बसले. घास की थांब, घास की थांब. मधूनमधून त्याला श्वास घेऊ द्यायचा. चोचीचा भुगा आबांच्या हातावर पडत होता आणि आबा तो बोटांत चोळून बघत होते. गिरणीवाल्याची खोड. “बारीक पडतंय,” ते म्हणाले.

सोडल्यावर मोशे दांडीवर गेला. त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. पंख झाडले. खोलीभर ज्वारीचं पीठ उडालं. मी त्याला एक शेंग दिली. ती त्यानं पायात धरली, फिरवून पाहिली आणि कट्कन फोडली. त्या आवाजानं मेट्रनचं डोकं वर आलं.

त्यांनी आधी मोशेला पाहिलं. मग पाणी प्याल्या. मग पदर नीट केला आणि पुन्हा मेट्रन झाल्या.

आबा हात जोडून उभे राहिले. “बाईसाहेब, निरोप मिळाला हुता. पोरीची पेटी कुटं हाय? लगीच निगतो म्हंजी गाडी गावंल.”

मेट्रन त्यांच्याकडं बघतच नव्हत्या.

“माळी, मघाशी तुला चक्कर आली?”

“मला?” मी आठवून पाहिलं. आली नव्हती. माझ्या बोटाचं रक्त, मोशेचं रक्त, सगळं बघून झालं होतं आणि मी उभीच होते. “न्हाई बाई.”

“का?”

“पडले असते तर मोशे खाली सापडला असता.”

“मग इतके दिवस वॉर्डात काय करत होतीस?”

“बघत होते, बाई. तुम्हीच सांगितलं होतं, पहिल्या वर्षी मधे मधे करायचं नाही, नुसतं बघायचं.”

मेट्रननी दांडीकडं पाहिलं. मोशे शेंगा खात होता.

“उद्यापासून बघायचं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “धरायचं. हात, पाय, डोकं, ट्रे, जे समोर असेल ते धरायचं. रिकाम्या हातानं वॉर्डात दिसलीस तर मात्र खरंच पाठवीन.”

“म्हंजी न्यायची न्हाई?” आबांनी विचारलं.

“नाही.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पांढऱ्या भुवयांखाली त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. मामाला शब्द दिलेला होता. सगळं ठरल्यासारखं होतं.

“मग धोंडिरामला काय सांगू?”

“सांगा, तिला पोपट चावलाय.”

आबांना हसू आलं. ते दाबायला त्यांनी पिठाची पिशवी उचलली आणि मेट्रनपुढं केली. “ह्यातलं रगात लागल्यालं तेवढं काढून टाका, बाईसाहेब. बाकीच्याच्या भाकरी झ्याक व्हतील.” आणि ते एकटेच एसटी स्टँडकडं गेले.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मी एका बाईचा पाय धरला. घट्ट धरला. कानात पट्टा फिरायला लागला, तसा मी तो आणखी घट्ट धरला. ती बाई ओरडली, “अगं, जखमेपेक्षा तूच दुखवतीयास!” पण मी उभी राहिले.

पुढं मी नर्स झाले, सिस्टर झाले, मग पोरींना शिकवायला लागले. एकदा जुन्या मैत्रिणी भेटल्या तेव्हा बोलता बोलता कळलं, की मोशेला धरायला बोलावलेली मी एकटी नव्हते. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या बॅचच्याही काही पोरी होत्या. आणि सगळ्या कशा? माझ्यासारख्याच, घरी पाठवायला निघालेल्या. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ती थरथर, ते डोळे मिटणं, ती चक्कर, सगळं नाटक होतं! बाईंनी आमची परीक्षा घेतली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या बॅचला मी ही गोष्ट सांगायची. शिक्षक कसा असावा, तर रणभिसेबाईंसारखा. 

बाई निवृत्त होऊन नगरला भाचीकडं राहत होत्या. मोशे केव्हाच गेला होता. नगरला एका कामासाठी गेले असताना मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. बाई वाळून एवढ्याशा झाल्या होत्या, पण मी आत शिरताच आपोआप पाय जुळवून उभी राहिले. चहा घेता घेता मी म्हटलं, “बाई, आता तरी सांगा. त्या रविवारी तुम्ही नाटक केलं होतं ना?”

“कसलं नाटक?”

“हात थरथरण्याचं. चक्कर येण्याचं. आमच्यासारख्या पोरींना धीट करण्यासाठी.”

“वेडी आहेस का तू?” बाई म्हणाल्या. “मला त्याचं रक्त बघवायचं नाही. टेबलावरचा माणूस दुसऱ्या कुणाचातरी असतो. तो माझा होता.”

“पण मग नेमकं आम्हालाच का बोलवायचात? घरी जाणाऱ्या पोरींनाच?”

“दुसरं कोण मोकळं असायचं रविवारी? बाकीच्या ड्युटीवर, नाहीतर देवळात. तुमच्या ड्युट्या मीच बंद केलेल्या असायच्या.”

 हातातला कप बशीत ठेवला. “आणि बाकीच्या पोरी? त्या टिकल्या?”

“एक टिकली. एकीनं मोशेला सोडला, तो चिंचेवर जाऊन बसला, दोन दिवस खाली येईना. एक तुझ्यासारखीच होती, पण ती पडली. बरी पडली, मोशे वरच्या बाजूला होता.” बाईंनी जरा आठवून पाहिलं. “ती आता बालवाडीत शिकवते. छान शिकवते म्हणे.”

“बाई,” मी म्हटलं, “इतकी वर्षं मी पोरींना तुमची वेगळीच गोष्ट सांगतेय. आता काय सांगू त्यांना?”

बाईंनी पदर सावरला, खुर्चीत ताठ बसल्या.

“सांग, रणभिसेबाईंना भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “पोरींना बरं वाटेल.”